दोन प्रतींतली खरी कोणती?

२००५ सालची गोष्ट. आमच्या शाळेत संगणकांचं जाळं नवीनच आलं होतं. कुठल्याही संगणकावर आपल्या नावाने लॉगिन करावं, की आपल्या फायली हजर! मला केवढं अप्रूप!

एका रविवारी शाळेचा लॅपटॉप घरी आणून चाळीस मुलांच्या तोंडी परीक्षेचे गुण भरले. सोमवारी तो घरीच राहिला. शाळेतल्या संगणकावर त्याच फायलीच्या जुन्या प्रतीत मी एक आडनाव दुरुस्त केलं. मंगळवारी लॅपटॉप जाळ्याला जोडला आणि रविवारचे गुण गायब! तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. पहिल्यांदा छान बोललेली एक मुलगी दुसऱ्यांदा गप्पच उभी राहिली.

असं का झालं, ते निवृत्तीनंतर वाचताना उमगलं.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साथीने 'अँड्र्यू' प्रकल्प उभारला. विद्यार्थी कुठेही बसो, फायली त्याच्यापाशी याव्यात, ही कल्पना. पण सर्व्हरशी संपर्क तुटला, की काम अडायचं. म्हणून १९८७च्या सुमारास आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या महादेव सत्यनारायणन यांनी तिथेच 'कोडा' हाती घेतलं. पावसाळ्यापूर्वी बेगमी करतात ना, तशा लागणाऱ्या फायली आधीच लॅपटॉपवर साठवायच्या. संपर्क नसताना केलेल्या बदलांची नोंद ठेवायची. परतल्यावर ते सर्व्हरवर चढवायचे. एकाच फायलीत दोन्हीकडे बदल झाले असतील, तर निवाडा माणसावर सोपवायचा.

विंडोज एनटी ४.० (१९९६) मध्ये माणसामागे फिरणारी 'रोमिंग प्रोफाइल' होती. पण आमच्या शाळेतल्या विंडोज एक्सपीत तिचा नियम सरळ होता: ज्या प्रतीची तारीख नंतरची, ती खरी. माझ्या एका आडनावाने चाळीस जणांचे गुण पुसले, ते असे. यावर तोड विंडोज २०००पासूनच होती. कागदपत्रं प्रोफाइलमध्ये न ठेवता सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्यांची ऑफलाइन प्रत लॅपटॉपवर घ्यायची. मग दोन्हीकडे बदल दिसले, तर संगणक विचारतो, कोणती ठेवू? आमच्याकडे तशी सोय कुणी केली नव्हती, आणि ती मागावी हे मलाही ठाऊक नव्हतं.

नंतरचं तेच खरं, हा नियम यंत्राला सोपा. पण मीही त्या मुलीला दुसऱ्या वेळचेच गुण दिले. पहिले आठवत नव्हते, हे खरं. पण तिला विचारलंही नाही.