पाण्याने थंड होणारा संगणक : भागांची निवड कशी कराल?

संगणकाचा वेग वाढला, तसा त्याचा तापही वाढला. इंटेलच्या २०२३ मधील 'कोअर आय-९ १४९००के' या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे, तर एनव्हिडियाच्या २०२२ मधील 'आरटीएक्स ४०९०' या ग्राफिक्स कार्डाची ४५० वॅट. दोन्ही पूर्ण ताकदीने चालू लागले, की कॅबिनेटमध्ये सुमारे ७०० वॅटची, म्हणजे एखाद्या लहान हीटरएवढी उष्णता निर्माण होते. पंख्यांचा गोंगाट टाळून ती बाहेर काढण्यासाठी अनेक हौशी मंडळी पाण्याचा आधार घेतात. मात्र हे काम खर्चिक आहे आणि त्यातली चूक संपूर्ण संगणकावर बेतू शकते. त्यामुळे खरेदीपूर्वी थोडा हिशेब करणे श्रेयस्कर.

पाणी काय करते?

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, केवळ वाहून नेते. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून पंप पाणी फिरवतो, ते तापून रेडिएटरमध्ये जाते आणि तिथे पंख्यांच्या वाऱ्याने उष्णता खोलीतल्या हवेत जाते. साहजिकच पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असेल, तर पाणी सहज ५० अंशांपर्यंत पोहोचते. वातानुकूलित खोलीत बसून लिहिलेले परदेशी सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

खर्च कुठे करावा?

नवखा ग्राहक बहुधा महागड्या पंपावर आणि रंगीत दिव्यांच्या ब्लॉकवर पैसे घालतो. गणित मात्र वेगळे सांगते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ७०० वॅट उष्णता शोषूनही त्याचे तापमान एका फेरीत जेमतेम अडीच अंशांनी वाढते. म्हणजे प्रवाह आणखी वाढवून फारसा लाभ नाही आणि पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे, यानेही विशेष फरक पडत नाही. एकच पथ्य पाळावे : टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याहून उंचावर असावी. पंप कोरडा चालला तर निकामी होतो.

खरे महत्त्व रेडिएटरच्या क्षेत्रफळाला आहे. पंखे शांतपणे फिरत असताना १२० मिलिमीटरच्या प्रत्येक भागामागे सुमारे १०० वॅट, असा ढोबळ अंदाज धरतात. खेळ खेळताना प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी कमाल मर्यादेवर क्वचितच जातात. त्यामुळे वरील जोडीला ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर साधारणपणे पुरतात. खोली तापणारी असेल, तर आणखी एक जोडावा. मंद पंख्यांसाठी विरळ पात्यांचा, ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर चांगला. दाट पात्यांना वेगवान पंखे लागतात आणि मग शांततेचा हेतूच उरत नाही.

कॅबिनेट शेवटी नव्हे, तर याच वेळी ठरवावे. '३६०' हा आकडा तीन पंख्यांच्या रुंदीचा असतो. प्रत्यक्षात असा रेडिएटर सुमारे ४०० मिलिमीटर लांब भरतो. त्यावर २५ मिलिमीटरचे पंखे बसले, की जाडी ५५ मिलिमीटर होते. एवढी जागा मदरबोर्ड आणि मेमरीला न अडता मिळते का, हे मोजून पाहावे.

ब्लॉक, पंप आणि नळ्या

प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेटनुसार मिळतो : एएम५, एलजीए १७०० इत्यादी. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र कार्डाच्या नेमक्या आवृत्तीनुसारच घ्यावा लागतो. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डे आतून निराळी असू शकतात. मूळ कूलर काढल्यास वॉरंटीचे काय होते, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

पंपांत 'डी५' आणि 'डीडीसी' हे दोन प्रकार रूढ आहेत. डी५ आकाराने मोठा, पण शांत. डीडीसी लहान जागेसाठी सोयीचा. नळ्या पहिल्या जोडणीसाठी मऊ घ्याव्यात. पारदर्शक पीव्हीसी नळीतून कालांतराने प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये झिरपतात आणि ब्लॉकच्या बारीक खाचा बुजतात. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी, पण टिकाऊ. पीईटीजीच्या कडक नळ्या देखण्या असल्या, तरी तापलेल्या पाण्यात मऊ पडण्याचा धोका असतो. फिटिंग नळीच्या आतल्या व बाहेरच्या दोन्ही व्यासांशी जुळले पाहिजे. १०/१३ च्या नळीला १०/१६ चे फिटिंग चालत नाही.

धातूंचे वैर

सर्वांत घातक चूक धातूंच्या मिश्रणाची. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात, पण त्यांच्यासोबत ॲल्युमिनियम आले, की पाण्याच्या माध्यमातून विद्युतरासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. बाजारातील तयार बंदिस्त कूलरचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. ते काढून तांब्याच्या जोडणीत वापरू नयेत.

नळाचे किंवा घरच्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्षार राहतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव्य घालावे किंवा याच कामासाठीचे तयार द्रावण घ्यावे. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही, या समजुतीवर विसंबू नये. ब्लॉक आणि रेडिएटरमधून फिरताना त्यात आयन मिसळतात आणि गळती झाल्यास मदरबोर्ड जळू शकतो.

चाचणी आणि देखभाल

जोडणी झाल्यावर मदरबोर्ड व कार्डाची वीजजोडणी काढून, एसएमपीएसवर फक्त पंप किमान काही तास, शक्यतो २४ तास चालवावा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा. तो ओला झाला नाही, तरच पुढे जावे. सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा व्हॉल्व्ह बसवल्यास वर्षातून एकदा पाणी बदलणे सोपे जाते.

आपला प्रोसेसर शंभर-सव्वाशे वॅटच्या आत असेल आणि कार्ड मध्यम असेल, तर चांगला हवेचा कूलर पुरेसा आहे. त्याहून पुढे जायचे असेल, तर आधी वॅट मोजावेत, मग रेडिएटर, मग कॅबिनेट आणि शोभेचा विचार सर्वांत शेवटी करावा.