पाबळपासून परळपर्यंत : कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या काही आठवणी



पाबळचे नाव निघाले की ऐकणारा माणूस आधी मस्तानीच्या कबरीची चौकशी करतो. त्यात गैर काही नाही. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली होती. १७४० साली बाजीरावांचे निधन झाले, त्याच वर्षी मस्तानीही गेली, आणि तिची कबर पाबळला आहे. हा इतिहास नाटकांतून, कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून घरोघरी पोहोचला आहे. त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्या इतिहासाची. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून शंभर-सव्वाशे वर्षे माणसे पोटासाठी मुंबईला जात राहिली. पत्र्याची ट्रंक, घोंगडी आणि भाकरीचे गाठोडे एवढ्या सामानावर ती गेली. कुणी गिरणीत लागले, कुणी गोदीत, कुणी डबे पोचवण्याच्या कामात. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत त्यांनी जी वस्ती उभी केली तिला आपण गिरणगाव म्हणतो. त्या माणसांवर कादंबऱ्या थोड्या, आणि त्यांची स्मारके त्याहून थोडी. त्यांचा इतिहास आहे तो तुमच्या-आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. ही माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. म्हणून आज त्या वस्तीबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा मान कावसजी नानाभाई दावर यांचा. १८५४ साली त्यांनी ताडदेवला कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे एकामागून एक धुरांडी उभी राहिली. गिरण्या जिथे झाल्या तो भाग त्या काळी शहराच्या कडेचाच होता. वाड्या, आमराया, खाजणे यांच्या मधून चाळी वाढल्या. कामगार आले ते कोकणातून, घाटावरून, आणि थेट उत्तर हिंदुस्थानातून. आपल्या समाजातील मोमीन विणकर उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात स्थिरावले. हातमागाची कला त्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या होती. गिरणीच्या साचेखात्यात ती कामी आली.

मुलांनो, तुम्ही रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपता ना? त्या रविवारचा इतिहास पाबळच्या शेजारच्याच पट्ट्यातून सुरू होतो. खेड तालुक्यातील कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या घराण्याचे मूळ गाव. त्यांचा जन्म १८४८ चा. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्या काळी गिरणी दिवस उगवताना सुरू होई आणि मावळताना थांबे. सुट्टीचा ठरलेला वार नव्हता. १८८४ साली लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो कामगारांच्या वतीने अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई, एवढेच त्यांचे मागणे. आज वाचताना वाटते, यात मागण्यासारखे काय होते? पण त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य झाली.

लोखंड्यांची आणखी एक गोष्ट तुमच्या-आमच्या घरात सांगण्यासारखी आहे. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. शेजारी शेजारच्याला भिऊ लागला. त्या वेळी लोखंडे कामगार वस्तीत सलोख्यासाठी उभे राहिले. एकाच यंत्रावर घाम गाळणाऱ्यांनी एकमेकांचे रक्त सांडू नये, हे त्यांनी लोकांत फिरून सांगितले. १८९७ साली प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला. १८९६ मध्ये सुरू झालेल्या त्या साथीने कामगार वस्त्यांना सर्वात आधी गाठले होते, कारण गर्दी तिथे होती, उजेड आणि पाणी नव्हते.

आता त्या वस्तीतल्या रोजच्या जगण्याकडे वळू.

दिवस सुरू होई तो भोंग्याने. घरात घड्याळ नसले तरी चालत असे. पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला निघायचे, तिसऱ्याच्या आत फाटकातून आत शिरायचे. उशीर झाला की दिवस बुडाला. फाटकाबाहेर बदली कामगारांची रांग लागलेली असे. कायमचा कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी बदलीवाल्याला काम मिळे; नाहीतर तो तसाच परत फिरे. कित्येकांची उमेदीची वर्षे या बदलीत गेली.

खोली म्हणजे साधारण दहा बाय बाराची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. एकटे आलेले पुरुष ‘गावकी’च्या खोलीत राहत. एका गावची वीस-पंचवीस माणसे मिळून एक खोली घेत. भिंतीला लावून प्रत्येकाची ट्रंक, वर दोरीवर कपडे. सगळे एका वेळी झोपायला आले असते तर पाय ठेवायला जागा राहिली नसती. परंतु गिरणीला तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर अंग टाकी. गावाकडून नवा पोरगा आला तर त्याला नोकरी लागेपर्यंत जेवण आणि अंथरूण मिळे; कुणी हिशेब मांडत नसे. आजारी पडलेल्याला गावाकडे पोचवणे, मयत झालेल्याच्या घरी पैसे पाठवणे, ही गावकीची जबाबदारी असे.

जेवण असे खानावळीत. खानावळ म्हणजे एखाद्या बाईच्या स्वतःच्या खोलीतला संसार. नवऱ्याचा पगार पुरेना, गिरणीत बायकांना काम मिळेना, म्हणून ती वीस-तीस जणांना जेवू घाली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. पुढे ते प्रमाण घसरत गेले आणि बाईचे काम चुलीपाशी आले. पगार महिन्याला, त्यामुळे वाणी उधार देई तो व्याजाने. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत पोहोचवले. गिरणगाव पुरुषांनी चालवले असे म्हणतात. त्याला जेवू घातले ते या बायकांनी.

डबेवाल्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांची कीर्ती साता समुद्रापार गेली आहे. महादू हवाजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या या कामातील बहुसंख्य माणसे खेड, आंबेगाव, मावळ, जुन्नर या आपल्याच पट्ट्यातली. पाटी डोक्यावर घेऊन धावणारा तो माणूस पाबळच्या बाजारातही तुमच्या शेजारी उभा राहिलेला असू शकतो.

करमणूक? भजनी मंडळ, कुस्तीचा आखाडा, तमाशा, कलापथक. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल या तरुणाला महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. मराठीत गाणारा हा मुसलमान शाहीर आणि त्याचे सोबती अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथकातून कामगार मैदाने दणाणून सोडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज गावोगाव गेला. अण्णा भाऊ आणि अमर शेख, दोघेही १९६९ साली पाठोपाठ गेले. मराठी ही आपलीही भाषा आहे की नाही, असा प्रश्न कुणी विचारला तर अमर शेखांचे नाव सांगावे. अधिक वाद घालण्याची गरज पडणार नाही.

आठवण गोड असावी, पण खोटी नसावी. त्या वस्तीत भेदही होते. साचेखात्यात पगार अधिक, पण तिथे दलितांना शिरकाव नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यांच्या तोंडाचे सूत इतरांना चालत नसे. यंत्र चालते, कापड चालते, माणूस चालत नाही! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. शेजारधर्माच्या गोष्टी सांगताना ही गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे.

आणि शिक्षण? आपल्या स्मरणिकेच्या दृष्टीने हाच मुख्य मुद्दा. चाळीच्या दिव्याखाली, रात्रशाळेत, दिवसभर काम करून डोळे मिटत असताना कित्येकांनी अक्षरे गिरवली. नारायण सुर्वे यांचे उदाहरण घ्या. रस्त्यावर सापडलेले ते मूल एका गिरणी कामगाराने वाढवले. हाच मुलगा शाळेत शिपाई झाला आणि नंतर परीक्षा देऊन शिक्षक झाला. त्यांच्या १९६६ च्या कवितासंग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’. ज्याच्या नशिबी विद्यापीठ नव्हते त्याने कामगार वस्तीलाच विद्यापीठ मानले.

पण सर्वांच्या वाट्याला हे आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. घरातली भांडी आणि बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक विकून लोकांनी दिवस काढले. कित्येक मुलांची शाळा त्या वर्षी सुटली ती कायमची, आणि त्यांत मुली अधिक होत्या. अनेक कुटुंबे गावी परतली. ज्या मनीऑर्डरीवर कोरडवाहू गावे जगत होती ती थांबली. पोस्टमन दारावरून पुढे निघून जाताना पाहणाऱ्या आयांची कल्पना करा, म्हणजे संपाचा अर्थ कळेल. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आहेत. धुरांडी उरली ती एखाद-दुसरी, शोभेपुरती.

आता पुन्हा पाबळला येऊ. ज्या काळात मुंबईत गिरण्या थंड पडत होत्या, त्याच काळात, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला आणि मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस या कोरडवाहू गावात येऊन राहिला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले त्यांनी घेतली. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, पशुपालन, बांधकाम हे सर्व हाताने करत करत शिकायचे आणि त्यामागचे विज्ञानही त्याच वेळी समजून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत. हा अभ्यास पुढे अनेक शाळांत गेला. २००३ साली कलबाग गेले, पण ते काम चालू राहिले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गिरणीतल्या आपल्या आजोबांच्या हातात कौशल्य होते. सूत तुटण्याआधी त्यांच्या बोटांना कळे. परंतु त्या कौशल्याला प्रमाणपत्र नव्हते, त्यामागचे शास्त्र त्यांना कुणी शिकवले नव्हते, आणि गिरणी बंद पडल्यावर ते कौशल्य बाजारात कुणी विचारले नाही. हाताला विद्येची जोड नसली तर माणूस मालकाच्या फाटकावर अवलंबून राहतो. आणि विद्येला हाताची जोड नसली तर पदवीधर मुलगा फ्यूज बदलण्यासाठीही दुसऱ्याची वाट पाहत बसतो. दोन्ही अपुरे. पालकांनो, मुलगा तंत्रशाळेत जातो म्हणाला तर कमीपणा मानू नका. आणि मुलगी पुढे शिकते म्हणाली तर घरची अडचण तिच्या वह्यांवर ठेवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. या सुट्टीत एक वही घ्या. घरात किंवा शेजारी मुंबईला, पुण्याला, भिवंडीला कामाला गेलेले जे कुणी वडीलधारे असेल, मग ते आजोबा असोत, चाचा असोत की दादी, त्यांच्यापाशी बसा. कोणत्या साली गेले, कुणाच्या खोलीत उतरले, पहिला पगार किती होता आणि त्यातले घरी किती पाठवले, ते विचारा. कुणी हात दिला आणि कुणी दार लावले, तेही विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. जुने पगारपत्रक, गिरणीचा बिल्ला, मनीऑर्डरीची पावती सापडली तर जपून ठेवा.

मस्तानीची कबर पाबळला आहे आणि राहील. पण ट्रंक घेऊन गाव सोडलेल्या त्या माणसांची खूण कुठेच नाही. ती तुमच्या वहीत राहिली तर राहील.