कुंडीतला प्रयोग

मराठीत ‘प्रयोग’ हा एकच शब्द रंगभूमीलाही चालतो आणि प्रयोगशाळेलाही. हा निव्वळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांच्या एका कुंडीकडे पाहावे.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. यंत्र हाती होते, भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराची वाढ पडद्यावर सुमारे मिनिटभरात घडवून दाखवली. या ‘अंकुराच्या वाढी’ने धनको राजी झाले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रनिर्मिती नाशिकला हलवली.

याला वैज्ञानिक प्रयोग म्हणावे काय? बाकी सारे स्थिर ठेवून एकाच गोष्टीला बदलू द्यायचे आणि तो बदल नोंदवायचा, हे प्रयोगाचे एक मूलतत्त्व. कॅमेऱ्याची जागा कायम, बदलतो तो फक्त अंकुर. म्हणजे पद्धत प्रयोगाचीच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारास लाइपझिग येथे याच रीतीने वनस्पतींच्या हालचाली टिपल्या होत्या. मात्र फेफर यांचा प्रश्न वनस्पतीला होता. फाळक्यांचा प्रश्न यंत्राला आणि प्रेक्षकाला होता. दोन्ही ठिकाणी उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यता खरी होती आणि ती पत्करल्याशिवाय प्रयोग होत नाही.

ही कसोटी आपण फाळक्यांच्या कथेलाही लावली पाहिजे. ते दिवसाला एकच चौकट टिपत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. आता हिशेब करू. सेकंदाला १६ चौकटी हा मूकपटांचा सर्वसाधारण वेग धरला, तर ३० दिवसांच्या ३० चौकटी दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० चौकटी, म्हणजे रोज ३२ लागतील. तेव्हा ‘रोज एक’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांतले निदान एक सोडावे लागेल.

यामुळे फाळके लहान होत नाहीत. उलट रोज त्या कुंडीपुढे त्यांनी केलेले कष्ट अधिक भरतात. चरित्रे वाचताना आणि शिकवताना आपण कथेच्या गोडीपुढे असा साधा गुणाकार करीत नाही, एवढीच खंत.