कथलाचें बेट

फुकेतच्या सहलीचा कार्यक्रम आतां आमच्याकडील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांस तोंडपाठ झाला आहे. पहिल्या दिवशीं पातोंगची चौपाटी. दुसऱ्या दिवशीं वेगवान नौकेंतून फी फी बेटें. तिसऱ्या दिवशीं फांगन्ग्याच्या उपसागरांतील तो सुळका, ज्यास १९७४ सालच्या एका इंग्रजी चित्रपटापासून त्यांतील गुप्तहेर नायकाचें नांव चिकटलें आहे. चौथ्या दिवशीं टेकडीवरील पंचेचाळीस मीटर उंचीची शुभ्र बुद्धमूर्ति, संध्याकाळीं बाजार, आणि रात्रीं परतीचें विमान. यांत वाईट असें कांहींच नाहीं. समुद्र पाहून ज्याचें मन मोकळें होत नाहीं त्यानें घरीं बसावें हेंच बरें. आणि पाऊस सरल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत, अंदमानचा समुद्र जो कांहीं निळा-हिरवा दिसतो त्याचें वर्णन करण्याची आमची शक्ति नाहीं. आमची तक्रार एवढीच आहे कीं, या चार दिवसांत प्रवासी ज्या बेटावर राहतो तें बेट त्याला कोणी दाखवीत नाहीं. दाखविली जाते ती त्याची कड.

त्यांतहि मौज अशी कीं, वरच्या यादींतील दोन स्थळें फुकेतचीं नव्हेतच. फी फी बेटें क्राबी प्रांतांत मोडतात, आणि तो सुळका फांगन्गा प्रांताचा आहे. स्वतः फुकेत म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारें पन्नास किलोमीटर लांबीचें, डोंगराळ, थायलंडमधील सर्वांत मोठें बेट. मुख्य भूमीपासून एका अरुंद सामुद्रधुनीनें तुटलेलें, आणि १९६७ सालीं सारासिन पूल झाल्यापासून तिच्याशीं जोडलेलें. फुकेत हें नांव मलायी 'बुकित', म्हणजे टेकडी, या शब्दापासून आलें असें मानितात. युरोपीय दर्यावर्दी मात्र याला 'जंक सिलोन' म्हणत. त्यांत ना चिनी गलबत आहे, ना सिंहलद्वीप. 'उजोंग सालांग', म्हणजे सालांगचें भूशिर, या मलायी नांवाचा तो अपभ्रंश होय.

ज्या पश्चिम किनाऱ्यावर आज हॉटेलांची रांग लागली आहे तो जुन्या काळीं फारसा कोणाच्या उपयोगाचा नव्हता. मे ते ऑक्टोबर या महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा तेथें थेट आदळतो. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसास हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तोच हा वारा, तोच हा खवळलेला समुद्र. त्या दिवसांत स्वस्ताईच्या लोभानें जाणाऱ्यांनीं किनाऱ्यावरील तांबड्या निशाणाचा मान राखावा, एवढें येथेंच सांगून ठेवितों. बेटाची दौलत असे ती आंत, खोऱ्यांच्या तळाशीं बसलेल्या काळ्या रेतींत. ही रेती म्हणजे कच्चें कथील. ग्रॅनाइटचे डोंगर झिजून तें पाण्याबरोबर वाहत येतें, आणि जड असल्यामुळें खालीं बसतें. लांकडी परातींत घालून पाण्यांत हिंदकळलें कीं माती निघून जाते व कथील तळाशीं राहतें. हें काम पिढ्यान् पिढ्या बायका करीत आल्या.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें वय पन्नाशीच्या पुढें आहे त्यांना दारांत येणारा कल्हईवाला आठवत असेल: तो भाता, नाकांत जाणारा नवसागराचा धूर, बोळ्यानें झपकन् फिरविलेला हात, आणि क्षणांत आरशासारखें पांढरें झालेलें पितळी पातेलें. ती पांढरी धातु म्हणजे कथील. हिंदुस्थानांत कथील फारसें निघत नाहीं; तें बाहेरून आणावें लागे, आणि कित्येक शतकें तें पूर्वेकडील समुद्रावरून येत असे. पण धातूपेक्षांहि अधिक मनोरंजक आहे तो शब्द. 'कल्हई' हा अरबी 'कलई' या शब्दाचा मराठी अवतार. आणि जुने अरब लेखक या कथलाचा संबंध 'कलाह' नांवाच्या बंदराशीं जोडितात. हें कलाह मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर होतें असें बहुतेक विद्वान् मानतात. कोणी तें केदा येथें दाखवितात, कोणी फुकेतच्या उत्तरेस असलेल्या ताकुआ पा येथें. निर्णय कसाहि लागो. ज्या किनाऱ्यावर आम्ही विमानानें सुटी घालवावयास जातों, तिकडचा एक शब्द आमच्या आज्यांच्या स्वयंपाकघरांत केव्हांच येऊन बसला होता, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

ताकुआ पा हें गांव मुख्य भूमीवर आहे. थायी भाषेंत 'ताकुआ' म्हणजे शिसें. तेथें इसवी सनाच्या नवव्या शतकांतला एक तामिळ शिलालेख सांपडला. एक तळें खोदल्याचा, आणि तें 'मणिग्रामम्' या दक्षिण हिंदुस्थानांतील व्यापारी संघाच्या रक्षणाखालीं ठेविल्याचा त्यांत उल्लेख आहे. त्याच टापूंत सांपडलेली विष्णूची भव्य पाषाणमूर्ति आज फुकेतमध्यें, थलांगच्या राष्ट्रीय संग्रहालयांत, उभी आहे. आम्हीं तिच्यासमोर बराच वेळ काढला. तेवढ्यांत दुसरें कोणी तिकडे फिरकलें नाहीं. अशा मूर्ति दिसल्या कीं 'बृहत्तर भारता'चा जयघोष करावा ही आमच्याकडील लेखकांची जुनी खोड आहे, आणि छाती फुगविण्याचा मोह आम्हांसहि झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु शिलालेख तळ्याचा आहे. परतीच्या वाऱ्याची वाट पाहत महिनोन् महिने अडकून पडलेल्या माणसांस गोडें पाणी हवें होतें, देव हवा होता. त्यांनीं दोहोंची सोय केली. स्थानिक माणसांपैकीं त्यांचा माल कोणीं घेतला व त्यांना आपला माल कोणीं दिला, त्यांचीं नांवें त्या दगडावर नाहींत.

पुढें युरोपीय आले. सतराव्या शतकांत डचांनीं येथल्या कथलावर डोळा ठेविला. मग १६८५ सालीं अयुथ्येच्या नाराय राजानें त्याचा मक्ता फ्रेंचांस दिला. त्याच सुमारास शार्बोनो नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ, जो मूळचा मिशनांतील वैद्य, या बेटाचा चक्क सुभेदार होता! १६८८ च्या राज्यक्रांतीनें फ्रेंचांची ही सारी बैठक उधळली, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांचा सेनापति देफार्ज यानें फुकेतवर कांहीं काळ ठाण मांडून पाहिलें तेंहि व्यर्थ गेलें.

विमानतळाकडून दक्षिणेस येतांना था रुआ येथील चौकांत दोन स्त्रियांचे पुतळे आहेत: केस पुरुषी धाटणीनें कापलेले, हातांत तलवारी. प्रत्येक प्रवाशाची गाडी त्यांना वळसा घालून जाते; चालक पुष्कळदां हात जोडतो, आणि मागें बसलेल्यांस त्याचें कारण समजत नाहीं. या चान आणि मूक या भगिनी. १७८५ सालीं ब्रह्मदेशच्या बोदौपया राजानें सयामवर नऊ सैन्यें धाडलीं, त्यांपैकीं किनाऱ्यानें आलेल्या सैन्यानें थलांगला वेढा दिला. सयामची राजधानी बँकॉकला येऊन अवघीं तीन वर्षें झालीं होतीं; तेथून मदतीची आशा नव्हती. बेटाचा सुभेदार, म्हणजे चानचा पति, नुकताच वारला होता. तेव्हां या दोघी बहिणींनीं संरक्षणाची सूत्रें हातीं घेतलीं. बेटावरील लोक अशी कथा सांगतात कीं, स्त्रियांनीं पुरुषी वेष केला, माडाच्या झावळ्यांचे दांडे बंदुकांप्रमाणें खांद्यावर टाकले, आणि रोज नवी कुमक येत असल्याचा देखावा शत्रूपुढें उभा केला. दांड्यांची गोष्ट कोणास खरी वाटो न वाटो. सुमारें महिनाभर वेढा चालून १३ मार्च रोजीं ब्रह्मी सैन्य माघारें गेलें हें मात्र खरें. पहिल्या राम राजानें चानला 'थाओ थेप क्रासात्री' आणि मूकला 'थाओ सी सुनथोन' अशा पदव्या दिल्या. कान जरा सैल सोडून ऐकल्यास पहिलींत 'देव' आणि 'क्षत्रिय', व दुसरींत 'श्री' आणि 'सुंदर' हे आपले शब्द ओळखूं येतात.

आम्हांस पुतळ्यापेक्षां अधिक बोलकीं वाटतात तीं पत्रें. फ्रान्सिस लाइट नांवाचा एक इंग्रज कप्तान त्या काळीं थलांगशीं व्यापार करीत असे व कांहीं वर्षें तेथें राहिलाहि होता. हें बेट ईस्ट इंडिया कंपनीनें घ्यावें असा त्याचा आग्रह होता. कंपनीनें १७८६ सालीं त्याच्याच हस्तें पेनांग घेतलें, आणि फुकेत वांचलें. त्याला आलेलीं पत्रें लंडनमध्यें जपून ठेविलेलीं आहेत, व त्यांत थलांगहून चाननें पाठविलेलींहि आहेत. विजयाची बढाई त्यांत शोधूं जाणारा निराश होईल. वेढा उठल्यावर बेटावर तांदूळ उरलेला नाहीं, धान्य पाठवावें, कथील देऊन हिशेब पुरा करूं, असा त्यांचा सूर आहे. ज्या बाईनें राज्य राखलें तिला दुसऱ्या दिवशीं सावकाराची विनवणी करावी लागत होती.

इतिहास येथें थांबता तर शालेय पुस्तकास शोभला असता. पण १८१० च्या सुमारास ब्रह्मी पुन्हां आले. या वेळीं थलांग पडलें, त्याचा विध्वंस झाला, आणि उरलेले लोक फांगन्ग्याकडे पळाले. म्हणून चान-मूक यांच्या शहराचें पाहण्यासारखें आज जवळजवळ कांहीं शिल्लक नाहीं.

आज जें 'जुनें फुकेत शहर' म्हणून दाखवितात तें यानंतरचें, आणि चिनी खाणकामगारांचें. एकोणिसाव्या शतकांत फूकिएन प्रांतांतून हे लोक हजारोंनीं आले. त्यांच्या श्रीमंत वंशजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेलीं घरें थलांग रस्त्यावर ओळीनें उभीं आहेत: खालीं दुकान, वर बिऱ्हाड, पुढें कमानींची ओसरी, मध्यें उजेडासाठीं उघडा चौक. यांस 'चिनी-पोर्तुगीज' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तें नांव ऐकून गोवा पाहिलेला मनुष्य त्यांत फोंतेन्यश शोधूं लागतो. पण ही शैली पेनांगमार्गें आली, आणि पोर्तुगिजांचा तिच्याशीं संबंध फार दूरचा. शेजारच्या रस्त्याचें नांव 'दिबुक'. थायी भाषेंत दिबुक म्हणजे कथील. सकाळीं लवकर, उन्हें चढण्यापूर्वीं, या दोन रस्त्यांवरून पायीं हिंडावें आणि एखाद्या जुन्या दुकानांत होक्कियेन पद्धतीच्या शेवयांची न्याहारी करावी. मात्र शाकाहारी मंडळींनीं आधीं नीट चौकशी केलेली बरी. त्यांच्यासाठीं वर्षांतले नऊ दिवस अगदीं निराळे असतात. चिनी नवव्या महिन्याच्या आरंभीं, म्हणजे बहुधा आपल्या नवरात्राच्याच दिवसांत, येथील चिनी लोक मांस वर्ज्य करितात, पांढरीं वस्त्रें नेसतात आणि मिरवणुका काढितात. अंगांत आलेले भक्त गालांतून सळया आरपार घालितात. मुलें बरोबर असल्यास तेवढें टाळावें. हा उत्सव काथू या खाणींच्या गांवांत, साथीच्या आजाराच्या भयांतून, सुरू झाला असें सांगतात.

खाणींतले दिवस नेहमींच भक्तीचे नव्हते. १८७६ सालीं मजुरांचें मोठें बंड झालें, गांवें लुटलीं गेलीं, आणि चालोंगच्या विहारांत जमलेल्या ग्रामस्थांस तेथील भिक्षु लुआंग फो चेम यांनीं धीर दिला. आज त्या विहारांत त्यांच्या मूर्तीस सोन्याचा वर्ख लावण्यासाठीं गर्दी असते, आणि नवस फिटला म्हणून फटाक्यांच्या माळा उडविल्या जातात. सहलवाले येथें वीस मिनिटें देतात.

१९०६ सालीं एडवर्ड माइल्स या ऑस्ट्रेलियन कप्तानानें येथें कंपनी काढिली, आणि लवकरच समुद्राचा तळ उकरून कथील काढणारें तरतें यंत्र फुकेतच्या बंदरांत कामास लागलें. त्या वेळचा या प्रांताचा मुख्य अधिकारी खाव सिम बी हा खाणीच्याच धंद्यांत वर आलेल्या एका चिनी कुटुंबाचा पुत्र. सवलतीच्या बदल्यांत त्यानें कंपनीकडून शहराचीं कामें करून घेतलीं. १९१३ सालीं त्रांग येथें त्याच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, व त्यांतच त्याचा अंत झाला. यंत्रें मात्र चालतच राहिलीं. बेटावर ठिकठिकाणीं जीं रम्य तळीं दिसतात त्यांतील पुष्कळ जुन्या खाणींचे खड्डे आहेत. बांग ताओची सुप्रसिद्ध हॉटेलवसाहत अशाच उकरून टाकलेल्या जमिनीवर वसली.

१९८५ सालीं जगांत कथलाचा भाव कोसळला. पुढच्या वर्षीं, २३ जून रोजीं, खाणींच्या मळीपासून टँटलम धातु काढण्याचा जो नवा कारखाना शहराजवळ पुरा होत आला होता तो जमावानें जाळून टाकला. धुरानें आरोग्य जाईल ही भीति होती, आणि चौपाटीवर येणारीं माणसें जातील हीहि होती. त्या दिवसापासून बेटानें आपली दौलत बदलली असें आम्हीं समजतों. नवी दौलतहि खाणीसारखीच निघाली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनें ती एका सकाळीं धुऊन नेली, तरी ती पुन्हां उभी राहिली. २०२० सालीं साथीनें विमानें थांबलीं तेव्हां पातोंगचे रस्ते ओस पडले, आणि जुलै २०२१ मध्यें लस घेतलेल्या परकीयांसाठीं बेट उघडावें लागलें. फी फीची माया खाडी तर गर्दीनें इतकी झिजली कीं ती जून २०१८ पासून २०२२ च्या आरंभापर्यंत बंद ठेविली होती.

या सर्वांच्या आधीपासून या किनाऱ्यावर राहणारे लोक अजून आहेत. दक्षिण टोंकास रवाई येथें उराक लावोई व मोकेन या समुद्रावर जगणाऱ्या जमातींची वस्ती आहे. मोकेनांच्या जुन्या कथांत माणसें गिळणारी लाट आहे. २००४ सालीं समुद्र अकस्मात् मागें हटतांच सुरिन बेटांवरील मोकेन टेकडीवर चढले व वांचले. रवाईच्या लोकांस लाटेपेक्षां जमिनीच्या कागदांची भीति अधिक. ते पिढ्यान् पिढ्या राहत आले, पण कागद दुसऱ्यांच्या नांवें झाले. जानेवारी २०१६ मध्यें त्यांचा किनाऱ्याकडे जाण्याचा रस्ता अडविला गेला तेव्हां मारामारी होऊन कित्येक जखमी झाले. १९५९ सालीं भूमिबल राजानें या वस्तीस भेट दिली होती. त्या भेटीचीं चित्रें आणि जमिनींत सांपडलेल्या पूर्वजांच्या अस्थि त्यांच्या वतीनें पुरावा म्हणून पुढें ठेवण्यांत आल्या. प्रवासी येथें येतात ते मासळीसाठीं. रस्त्याच्या एका बाजूस ताजी मासळी व कोळंबी निवडून घ्यावयाची, आणि समोरच्या खाणावळींत ती शिजवून घ्यावयाची, असा रिवाज आहे. मासळी विकणाऱ्या बायकांचीं घरें त्या दुकानांच्या मागेंच आहेत.