कोण कोणाबरोबर राहील?

खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवायचा विचार केलात, की लवकरच एक तक्ता तुमच्या समोर येतो. डावीकडे माशांची नावं, वरच्या ओळीत पुन्हा तीच नावं, शेवटी प्रवाळांचा एक रकाना. जोडी जमत असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. मला तो तक्ता बघून पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे गुण जुळले नाहीत तर घटस्फोट होत नाही, एक जण दुसऱ्याला खाऊन टाकतो.

मला घरी असा टँक हवा आहे. म्हणून हा तक्ता आला कुठून, याच्या मी मागे लागले. तो कोणी एका दिवशी बसून लिहिलेला नाही. पावणेदोनशे वर्षांत त्यात एकेक रकाना वाढत गेला, आणि जवळपास प्रत्येक रकान्यामागे काचेआड मेलेले पुष्कळ जीव आहेत.

सुरुवात होते १८४६ साली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात. अ‍ॅना थिन या बाईंना तिथे खडकांवर छोटी प्रवाळं दिसली. ती लंडनला जिवंत न्यायची म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजवर टाचली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवली. लंडनमध्ये पाणी खराब होऊ लागलं, तेव्हा उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती त्यांनी काढली. रोज अर्धा-पाऊण तास. हे काम घरातली मोलकरीण करायची. आजच्या टँकमधला एअर पंप म्हणजे तिचाच वारसदार. पुढे बाईंनी भांड्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. ती प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली.

यात नशिबाचाही भाग होता. उष्ण समुद्रातल्या बहुतेक दगडी प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हात अन्न तयार करतात आणि प्रवाळाला पोसतात. टॉर्कीच्या प्रवाळांत अशी शैवालं नसतात, ती अंधुक उजेडातही जगतात. त्यामुळे लंडनच्या घरातला उजेड त्यांना पुरला. त्यांच्या जागी लक्षद्वीपचं प्रवाळ असतं, तर गोष्ट काही आठवड्यांत संपली असती.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवून पाहिली. मासा वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड देईल, वनस्पती माशाला ऑक्सिजन, असा हिशेब होता. पण पानं कुजू लागली आणि पाणी गढूळलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. दोघांचा संसार तिसऱ्यामुळे टिकला. आजही खाऱ्या टँकमध्ये शैवाल खाणारे शंख आणि उरलंसुरलं उचलणारे संन्यासी खेकडे ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे.

यानंतर हौसेची लाट आली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या पेट्या दिसू लागल्या. त्या भरण्यासाठी लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर गेले. पुढे १९०७ साली गॉसच्या मुलाने, एडमंडने, आठवणींच्या पुस्तकात लहानपणी पाहिलेल्या त्या खडकांतल्या डबक्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. वडिलांच्या पुस्तकांनी ज्यांना समुद्राचं वेड लावलं, त्यांनीच ती डबकी ओरबाडून काढली होती. टँकमध्ये कोण कोणाबरोबर राहील हे लोक शिकत होते, पण टँक आणि समुद्र यांचं जमतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

विसाव्या शतकात उष्ण समुद्रातले रंगीत मासे घरांत आले, पण प्रवाळं येत ती मेलेली. धुऊन पांढरे केलेले सांगाडे शोभेसाठी मांडायचे आणि त्यांच्यामधून मासे फिरवायचे. प्रवाळ ही सजावट आहे, प्राणी नाही, असाच तो व्यवहार होता.

तो मोडला जकार्तामध्ये. ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्रातून जिवंत खडक आणा, सूर्यप्रकाश द्या, हवेचे बुडबुडे सोडा, बाकी लुडबुड करू नका. जिवंत खडक म्हणजे प्रवाळांचे जुने, सच्छिद्र तुकडे. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया त्यांच्यावरचे जिवाणू पचवतात. म्हणजे माशांचं आपसात जमायच्या आधी त्यांचं डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंशी जमावं लागतं. नवा टँक भरला, की काही आठवडे त्यात मासा सोडायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे. पश्चिमेत ली यांचं म्हणणं बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, तीव्र दिवे आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र एकत्र आणलं, तेव्हा घरात दगडी प्रवाळ नुसतं जगेना, वाढू लागलं.

आणि प्रवाळं वाढू लागली, तशी त्यांची भांडणं घरात दिसू लागली. १९७०च्या सुमारास ज्युडिथ लँग या संशोधिकेने जमैकाच्या समुद्रात दाखवून दिलं होतं, की शेजारी आलेल्या दुसऱ्या जातीच्या प्रवाळावर काही प्रवाळं आपल्या पोटातले तंतू टाकतात आणि त्याला जागच्या जागी पचवतात. काही जाती रात्री लांब, डंख करणारे हात पसरतात. मऊ प्रवाळं तर हातही लावत नाहीत, पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतात. म्हणून दोन वेगळ्या जातींमध्ये निदान वीतभर जागा सोडावी लागते, आणि एकाच छोट्या टँकमध्ये मऊ आणि दगडी प्रवाळं मिसळणं जोखमीचं असतं. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

माशांचा स्वभावही असाच बघावा लागतो. बरेच बटरफ्लाय फिश प्रवाळांचेच लचके तोडतात. डॅमसेल मासा बोटाएवढा, पण सगळा टँक आपल्या नावावर करून घेतो. देखणा मँडरिन दिवसभर बारीक सजीव टिपत हिंडतो, नव्या टँकमध्ये ते नसतात, मग तो हळूहळू उपाशी मरतो. लाल खूण दर वेळी भांडणाचीच असते असं नाही, काही वेळा ती भुकेची असते.

राहिला निमो. २००३च्या सिनेमानंतर क्लाउनफिश जगभर लाडका झाला. तो अ‍ॅनिमोनीच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या डंखधारी प्राण्याच्या, आसऱ्याने राहतो, हे कथबर्ट कॉलिंगवुड यांनी १८६८ सालीच नोंदवलं होतं. पण टँकमध्ये त्याचं अ‍ॅनिमोनीवाचून अडत नाही. उलट अ‍ॅनिमोनी जागा बदलत सरकते आणि वाटेतल्या प्रवाळांना भाजत जाते. क्लाउनफिशची जोडी लहान वयातच आणावी; त्यातला मोठा होणारा मासा मादी बनतो. मुख्य म्हणजे हा मासा हॅचरीत वाढवता येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. समुद्रातून पकडलेल्या माशाची हमी अशी देता येत नाही. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे गुंगवून धरायला सायनाइड फवारलं गेलं, त्यात मासेही मेले आणि प्रवाळंही.

तक्त्यातला शेवटचा रकाना आपल्याकडे कायद्याने लिहिला. २००१ साली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, वाघाच्या पंक्तीला. समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्यांच्याबरोबर आले. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जी प्रवाळं आहेत, त्यांचा मेलेला तुकडा उचलून घरी आणणंही गुन्हा आहे. तरी “दगडी कोरल हवं तर मिळेल, बिलावर दाखवणार नाही,” असं मला एका दुकानात हळूच सांगितलं गेलं. १८५४च्या छिन्नीचा आवाज मला त्या वाक्यात ऐकू आला.

माझी यादी आता ठरली आहे. हॅचरीत जन्मलेले दोन क्लाउनफिश, काही शंख, आणि समुद्रातून आणलेल्या खडकाऐवजी कारखान्यात बनवलेला सच्छिद्र खडक, ज्यावर जिवाणू वाढायला मी दोन महिने देणार आहे. प्रवाळ एकही नाही. टँक जरा ओकाबोका दिसेल, चालेल. प्रवाळं बघायची हौस आली, तर पावसाळा संपल्यावर मालवणला जाईन, मास्क लावून पाण्यात तोंड घालीन. तिथे कोणी कोणाशेजारी राहायचं, हे त्यांचं त्यांनी कधीच ठरवलेलं आहे.