दिनविशेष : १२ जानेवारी – विद्या बाळ यांचा जन्म (१९३७)

आज जिजाऊ जयंती. आमच्या राळेगावातही सकाळपासून लगबग असेल. त्याच लगबगीत आणखी एका बाईची आठवण ठेवायला हवी. ‘स्त्री’ मासिकात १९६४ पासून काम करत १९८३ ते ८६ या काळात त्याचं संपादकपद सांभाळणाऱ्या आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू करणाऱ्या विद्या बाळ यांचा आज जन्मदिन.

नावातच मैत्री असलेलं ‘मिळून साऱ्याजणी’ टपालाने यायचं. आमच्या घरी आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली त्याचे जुने अंक अजून आहेत. पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात आणि काही ओळींखाली तिने पेन्सिलीने रेघा ओढल्यात. तालुक्याच्या गावात मनातलं बोलायला मैत्रीण मिळणं सोपं नव्हतं, ती या पानांत भेटली.

‘नारी समता मंच’ या संस्थेच्या स्थापनेतही विद्याताईंचा पुढाकार होता. पुढे पुरुषांनाही बोलतं करणारं संवाद केंद्र त्यांनी उभं केलं. मंदिरप्रवेशाच्या त्यांच्या जनहित याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिलांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा त्यांचं वय ७९ होतं. म्हातारपण म्हणजे कोपऱ्यात बसणं नव्हे, हे त्यांनी जगून दाखवलं. आजारपणाबद्दल, सन्मानाने मरण्याच्या हक्काबद्दलही त्या उघडपणे बोलल्या. आपल्याकडे घरात हा विषय काढला तरी गप्प केलं जातं.

३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

घरात ‘मिळून साऱ्याजणी’चा जुना अंक असेल, तर रद्दीत देऊ नका. शेजारच्या एखादीला वाचायला द्या.