हत्याराची निगा

आपल्या इतिहासांत शस्त्रें पुष्कळ भेटतात. तीं राखणारे हात मात्र क्वचितच भेटतात. तोफ कोठें डागली हें बखरकार मोठ्या आवेशानें सांगतो. त्याच तोफेच्या कानांत आषाढाचें पाणी जाऊं नये म्हणून कोणीं काय केलें, हें सांगण्याची त्याला गरज वाटत नाहीं. जुन्या हवाई बंदुका मिळवून, त्या उलगडून, पुसून, दुरुस्त करून पुन्हां चालत्या करण्याचा छंद अलीकडे कांहीं मंडळींनीं जोपासला आहे. लोकांस तो पोरखेळ वाटतो. आमच्या मतें तो एका जुन्या व जवळजवळ विसरलेल्या विद्येचा लहानसा अंश आहे. ती विद्या म्हणजे हत्याराची निगा.

या विद्येचें मोल जाणावयाचें असेल तर पाली गांवीं जावें. नीरा, वेळवंडी, कानंदी व गुंजवणी या नद्यांच्या बेचक्यांत मुरुंबदेवाचा जो डोंगर उभा आहे, त्यालाच शिवाजी महाराजांनीं राजगड केलें, आणि सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याचा कारभार तेथून चालविला. पाली हें त्याच्या पायथ्याचें गांव. गडाचा प्रशस्त राजमार्ग येथूनच वर चढतो व त्याच्या माथ्यावरील दरवाजा पाली दरवाजा याच नांवानें ओळखला जातो. पुढें हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे आला व १९४८ मध्यें तें संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पावसाळ्यांत हा सारा डोंगर धुक्यांत बुडालेला असतो. अशा हवेंत लोखंड आठवड्याभरांत तांबूस होतें, चामडें बुरसतें, लांकूड फुगतें आणि बंदुकीची दारू सादळते. येथें शत्रु फक्त खिंडींतून येत नसे; तो दरसाल मृगाबरोबर आकाशांतूनही उतरत असे.

या शत्रूचा बंदोबस्त कसा करावा, हें रामचंद्रपंत अमात्यांनीं सुमारें १७१५ सालीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत स्वच्छ सांगितलें आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. त्यांत ओल शिरूं देऊं नये. हवालदारानें दर आठ-दहा दिवसांनीं स्वतः जाऊन दारू, बाण इत्यादि जिन्नस बाहेर काढवावेत, त्यांस ऊन द्यावें व पुन्हां मोहोर करून ठेवावें, अशी त्यांची आज्ञा आहे. पर्जन्यकाळ जवळ येतांच तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफांचे कान मेणानें बुजवावे व त्यांवर आच्छादन घालावें, असेंही ते सांगतात. ज्या ग्रंथांत राजधर्माचा विचार केला, त्याच ग्रंथांत मेण कोठें भरावें हेंही सांगावें, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. राज्य राखणें आणि लोखंड राखणें यांत अमात्यांनीं जातिभेद मानला नाहीं.

ही विद्या पुढें लोकांच्या हातून गेली. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला व बिनपरवाना शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो मुख्यतः मानहानीच्या भावनेनें. परंतु मानाबरोबर आणखीही एक वस्तु गेली. ज्या घरांत हत्यार नाहीं, त्या घरांत तें पुसण्याची रीत तरी कशी टिकावी? दसऱ्याला शस्त्रपूजन करावयाचें तें पुष्कळ घरीं विळीकोयत्याचें व आउतांचें होऊं लागलें.

इकडे हें चाललें असतां युरोप-अमेरिकेंत एका निराळ्या बंदुकीला घराघरांत प्रवेश मिळत होता. दाबलेल्या हवेनें गोळी फेंकण्याची कल्पना कांहीं नवी नव्हती. सुमारें १७८० मध्यें गिरार्डोनी नामक कारागिराची हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारली होती, आणि १८०४ ते १८०६ या काळांत अमेरिका खंड ओलांडणाऱ्या लुईस व क्लार्क यांनींही हवेची रायफल सोबत नेली होती. पण त्या बंदुकींत हवा आधीं पंपानें भरून ठेवावी लागे. पोलादी कमानीच्या जोरावर चालणारी, स्वस्त व सुटसुटीत बंदूक सर्वत्र झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनींतील रास्टाट येथें १८९० सालीं मायर व ग्रामेलश्पाखर यांचा कारखाना निघाला. त्याचीच ‘डायना’ बंदूक पुढें जगभर गेली. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यानें १९०४ मध्यें आपल्या रचनेचें पेटंट घेतलें व पुढच्याच वर्षीं बी. एस. ए. कंपनी तशा बंदुका करूं लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर रास्टाटची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून स्कॉटलंडांत मिलब्रो कंपनीकडे गेली आणि १९५० मध्यें मूळ कारखाना पुन्हां सुरू झाला. त्यामुळें एकाच नांवाच्या बंदुका दोन देशांत होऊं लागल्या! एका बंदुकीच्या नांवांत महायुद्धाचा तह असा दडून बसलेला आहे.

या बंदुकीचें अंतरंग साधें आहे. नळी मोडून खालीं ओढली कीं एक दांडा नळकांड्यांतील दट्ट्यास मागें रेटतो. दट्ट्यामागची कमान आवळली जाते व खिटीवर अडकून राहते. नळीच्या तोंडांत शिशाचा छर्रा बसवून नळी सरळ करावयाची. चाप ओढतांच खिटी सुटते, दट्ट्या पुढें झेपावतो, त्याच्यापुढची हवा क्षणांत दाबली जाते व लहानशा छिद्रांतून निघून छऱ्यास बाहेर लोटते. दारू नाहीं, धूर नाहीं; माणसाच्या दंडांतील जोर तेवढा कमानींत सांठविलेला.

बिघडण्याच्या जागाही यावरून कळतात. दट्ट्याच्या तोंडाशीं चामड्याचें वायसर असतें. तें वाळलें कीं हवा बाजूनें निसटते व बंदूक निर्जीव होते. म्हणून त्यास बेताचें तेल मुरवावें लागतें. मात्र तेल फार झालें, तर दाबानें तापलेल्या हवेंत तें पेट घेतें, जसें डिझेलच्या इंजिनांत घेतें, आणि धडाक्यानें कमान व वायसर दोन्हीं खराब होतात. छऱ्यावांचून चाप ओढूं नये; समोर अडवणूक नसल्यामुळें दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो. बंदूक ताणून ठेवूं नये, कमान थकते. उलगडतांना कमान शिकंज्यांत धरल्याशिवाय मागचा अटकाव काढूं नये, कारण उतरलेल्या बंदुकींतही ती थोडी आवळलेलीच असते व तोंडावर उसळूं शकते. दस्त्यास जवसाचें तेल हातानें चोळावें, आणि पावसाळ्यांत प्रत्येक वापरानंतर लोखंडावरून तेलाची चिंधी फिरवावी. अमात्यांच्या हवालदारास यांतील शेवटचें कलम नवें वाटलें नसतें.

येथें एक खरा प्रश्न उभा राहतो. जुनी बंदूक हातीं आली कीं नवशिक्याचा हात कानशीकडे व सॅंडपेपराकडे जातो. गंज जावा हें योग्यच. परंतु गंजाबरोबर कारखान्याचें चिन्ह, घडणीचें साल, कोणा जुन्या मालकानें दस्त्यावर कोरलेलीं अक्षरें हींही गेलीं, तर राहिलें काय? युद्धोत्तर जर्मन डायनांवर महिना व साल ठोकलेलें सांपडतें. तें घासून टाकणें म्हणजे दप्तरांतील कागदावरची तारीख खोडण्यासारखेंच आहे. चालण्यासाठीं जें बदलणें भाग आहे, म्हणजे कमान, वायसर, एखादा पेच, तें बदलावें. जें केवळ जुनें दिसतें त्यास हात लावूं नये. गडकोटांच्या दुरुस्तीसही आम्हीं हाच न्याय लावूं.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. या बंदुकीनें आमच्या देशांत चिमण्यापाखरें पुष्कळ मारलीं. तिचा गौरव करावा काय? याचें उत्तर मुंबईच्याच एका मुलाच्या चरित्रांत आहे. १९०८ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आंतबाहेर असलेल्या सलीम अलींनीं खेळण्यांतल्या हवाई बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिंवळा डाग होता. ती कोणती, हें विचारण्यासाठीं मामांची शिफारस घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्ड साहेबांकडे गेले. तेथें त्यांनीं पक्ष्यांचा संग्रह पाहिला आणि हिंदुस्थानास त्याचा थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९८५ च्या आत्मचरित्रासही त्यांनीं त्या पडलेल्या चिमणीवरूनच नांव दिलें. बंदुकीनें ज्ञान दिलें नाहीं. छर्रा सुटल्यानंतर जी जिज्ञासा जागी झाली, तिनें दिलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर पांखरांवर नेम धरण्याच्या करमणुकीस कायद्यांतही जागा उरली नाहीं, आणि नसावीच.

तिला उरलें तें लक्ष्यपट. १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे होते. दहा मीटरांवरील हवाई रायफलीचा सामना १९८४ पासून ऑलिंपिकांत आला, आणि २००० मध्यें सिडनी येथें मुंबईच्या अंजली भागवत त्याच्या अंतिम फेरींत पोंचल्या. आतां स्पर्धकांच्या हातीं कमानीऐवजीं भरलेल्या हवेच्या रायफली असतात. म्हणून कमानीची बंदूक जत्रेंतल्या फुग्यांपुरती व माळ्यावरच्या अडगळीपुरती उरली. तिला तेथून खालीं काढणाऱ्यानें प्रथम कायदा पाहावा. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरहून अधिक व्यासाच्या किंवा २० ज्यूलहून अधिक जोराच्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. आजोबांची ५.५ मिलिमीटरची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून त्यांतून सुटत नाहीं.

इतक्या अटी पाळून, इतकें तेल चोळून मिळवावयाचें काय, असें कोणी विचारील. आम्ही म्हणतों, हातांस लागणारी शिस्त. जी वस्तु आपण निर्माण केली नाहीं ती आपल्या हातून बिघडूं नये, आणि आपल्यामागून येणाऱ्यास ती चालती मिळावी, एवढीच त्या शिस्तीची मागणी असते. राज्यें पराक्रमानें मिळतात हें आपण मुलांस शिकवितों. मिळालेलें राखण्यास दर आठ दिवसांनीं कोठार उघडून ऊन दाखवावें लागतें, हें मात्र त्यांस कोणी तरी एकदां तेलाची चिंधी हातीं देऊनच शिकविलें पाहिजे.